समुद्र चारशे किलोमीटर लांब, मग आपल्याला काय त्याचं?

यंत्रमागवाला:
कोकण किनाऱ्यावर श्रीवर्धनकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराने निवेदन पाठवलंय. मागणी एवढीच: दिसेल तिथे दगडी धूपप्रतिबंधक बंधारे घालत सुटू नका, वाळूच्या टेकड्या आणि कांदळवनं राखा. मी सोलापुरात सह्या गोळा करतोय. पहिल्याच दुकानात ऐकावं लागलं, "आपला काय संबंध बे?"

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही चौघांनी टेम्पोभर चादरी पाठवल्या. आठवड्याने ह्याच माणसाचा फोन. "भाऊ, चादर झकास आहे, पण जूनमध्ये इथे रुमाल वाळत नाही. घरावर कौल नाही, तुमची चादर भिजून मणभर झालीय. पत्रे मिळतील का?" तेव्हापासून मी आधी विचारतो, मग पाठवतो. आता काय हवंय ते त्यांनी स्वतःहून सांगितलंय. सही द्यायला काय जातं?

सीनाकाठ:
मी देणार नाही. सप्टेंबर २०२५ ला सीना नदी शेतात शिरली. माझ्या दीड एकरातली काळी माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. तेव्हा कोकणातून किती सह्या आल्या? तिकडे वादळ म्हटलं की चॅनेलवाले रेनकोट घालून उभे. आमच्याकडे दुष्काळात टँकर आणि पुरात पंचनामा. आधी घरचं बघा.

पूर्वभागातली:
दादा, तुमचं नुकसान खरंच आहे. पण समुद्राचा आपल्याशी संबंध नाही हे पटत नाही. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातलं वादळी कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि १४ तारखेला आपल्या जिल्ह्यात धो धो. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले ते त्याच पावसात. माझं माहेर काकीनाड्याकडचं. आईचा फोन आला होता, "पाऊस तुमच्याकडे निघालाय गं." मी हसले होते.

साइटवरचा:
बंधाऱ्याला विरोध करणं सोलापुरात बसून सोपं आहे. मी दोन वर्षं रत्नागिरीकडे कामाला होतो. उधाणाची लाट ओट्याला लागली की माणूस दगडच मागतो. वाळू धरणारी मर्यादवेल रुजेपर्यंत घर जातं.

यंत्रमागवाला:
अर्धं मान्य. घर दहा पावलांवर असेल तिथे दगड टाका, निवेदनातही तसंच लिहिलंय. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि बंधारा संपतो तिथून पुढे धूप वाढते. मग पुढचं गावही बंधारा मागतं. ठेकेदाराची चंगळ (तुम्हाला नाही म्हणत). त्यात २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास (बांधकामबंदीचा) पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. समुद्र पुढे सरकतोय आणि आपण त्याच्या अंगणात खोल्या काढतोय.

आणि सीनाकाठ, राग मानू नका, पण किनाऱ्याला वाळू नद्याच पुरवतात. आपली भीमा कृष्णेला मिळते, कृष्णा आंध्रात समुद्राला. वरचा गाळ उजनी धरणात अडतो, खालची वाळू आपल्याकडे रात्रीत ट्रॅक्टरने उपसली जाते. श्रीवर्धनला आपली वाळू जात नाही, कबूल. पण कृष्णेच्या मुखाकडची जमीन झिजते त्यात आपला वाटा आहेच.

सीनाकाठ:
मग उजनी फोडू का? ती नसती तर तुमच्या नळाला काही दिवसांआड येणारं पाणीसुद्धा आलं नसतं. वाळूचं मात्र खरं बोललात. आमच्या गावाखालचं पात्र म्हणजे नुसते खड्डे. सप्टेंबरात धार तिथेच फिरली आणि काठ कापत आत आली, असं म्हातारे सांगतात.
पण मागायचंच तर भरपाई मागा की, वेली काय मागता? निसर्गनंतर बागेला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले होते. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर त्याने काय खायचं?

पूर्वभागातली:
हे पहिल्यांदा कामाचं बोललात! दोन्ही मागू. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी दीड हजार कोटी सुचवले होते, त्यात समुद्राचीही धूप येते आणि नदीचीही. म्हणजे श्रीवर्धन आणि सीना एकाच रकान्यात. निवेदनात सीनेचा परिच्छेद घालायला काय हरकत आहे?

यंत्रमागवाला:
त्यांना विचारतो. मजकूर त्यांचा आहे, माझा नाही.

सीनाकाठ:
विचारा. सीनेचं नाव आलं तर सहीचं बघू, आत्ता शब्द देत नाही. आणि साइटवरचे, पुढच्या महिन्यात स्लॅब आहे माझा. वाळू कुठली आणू?

साइटवरचा:
क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. धुतलेली मागा, नाहीतर सिमेंट जास्त खाते.