भाड्याची गाडी, आल्प्समधील घाटरस्ते आणि दिवसभराच्या पायवाटा : गाडी मध्येच बंद पडली तर?

दूरवाट :
नमस्कार. सप्टेंबरच्या मध्यावर मी, पत्नी आणि माझे आईवडील असे आम्ही चौघे म्युनिकला गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर घाटरस्त्याने लिएन्झला उतरणार आहोत. तिथून इटलीतील डोलोमाइट पर्वतांत दोब्बियाको आणि कोर्तिना यांच्या परिसरात मुक्काम करून, शेवटी स्टेल्व्हिओ खिंड पाहून परतायचे, असा बेत आहे. आईवडील पासष्टीच्या पुढचे असले तरी नियमित डोंगर चालणारे आहेत, त्यामुळे चालण्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती गाडीची. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय मला आहे, परंतु दोन हजार मीटरहून उंच खिंडींतून सलग चढउतार मी कधी केलेला नाही. घाटात गाडी तापली, ब्रेकचा वास येऊ लागला किंवा टायर फाटला तर नेमके काय करावे? दिवसभर चालून संध्याकाळी वाहनतळावर आलो आणि गाडी सुरूच झाली नाही, तर भाषा येत नसलेल्या त्या निर्जन ठिकाणी कोणाला हाक मारावी? पायवाटांबद्दलही सुचवावे, ही विनंती.

गियरबदल :
ब्रेकविषयी आधी लिहितो, कारण या रस्त्यांवर चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला. तो सुमारे ४८ किलोमीटर लांबीचा असून त्यावर ३६ केसपिनी वळणे (केसांच्या पिनेसारखी जवळजवळ उलट फिरणारी) आहेत. हॉखटोर येथे तो २५०४ मीटरवर पोहोचतो आणि तिथून हायलिगेनब्लूट गावापर्यंत जवळपास १२०० मीटर खाली येतो. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन अठराशे किलो मानले, तर एवढ्या उतारात सुमारे ६ किलोवॉट-तास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साठ लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. ती इंजिनाने जिरवायची की ब्रेकच्या चार डिस्कनी, याचा निर्णय चालक गियर निवडताना करत असतो.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्या गियरमध्ये यावे आणि इंजिनाच्या वाढलेल्या आवाजाला घाबरू नये. ब्रेकवर पाय हलकासा टेकवून ठेवण्याची सवय इथे सर्वांत घातक ठरते, कारण त्यात डिस्कना थंड होण्यास क्षणाचीही उसंत मिळत नाही. वळणापूर्वी ठामपणे ब्रेक दाबावा, वेग उतरताच पाय पूर्ण काढून घ्यावा आणि पुढच्या वळणापर्यंत गाडी गियरवर सोडावी. ब्रेकच्या द्रवाचे तापमान फार वाढले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दबली जाते, द्रव दबत नाही, म्हणून पेडल मऊ लागते आणि खोल जाते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात पाणी मुरल्यानंतर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. भाड्याच्या गाडीतला द्रव किती जुना आहे, हे आपल्याला कळण्याची सोय नसते.

जळका वास आला तर पहिल्या रुंद जागी थांबावे आणि किमान अर्धा तास डिस्क थंड होऊ द्याव्यात. त्यांवर पाणी कधीही ओतू नये, कारण तापलेले लोखंड अचानक निवले तर वाकते किंवा त्याला चीर जाते. शक्यतो सपाट जागा शोधावी, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा आणि डिस्क तापलेल्या असताना केवळ हँडब्रेकवर विसंबू नये. पेडल खोल जात असेल तर ते पटापट दाबून पाहावे, एकेक करून गियर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन उभी करावी.

चढावर तापमानाचा काटा वर गेला तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. त्यामुळे गाडीत बसणे नकोसे होते, परंतु इंजिनातली उष्णता बाहेर पडते. तरीही काटा खाली येत नसेल तर थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. इंधनाचेही सांगून ठेवतो : युरोपात २०१८ पासून पेट्रोलच्या नळीवर वर्तुळात ‘ई’ आणि डिझेलच्या नळीवर चौकोनात ‘बी’ हे अक्षर असते, आणि इटलीत डिझेलला ‘गाझोलिओ’ म्हणतात. चुकीचे इंधन भरले गेले असे लक्षात आले तर इंजिन सुरूच करू नये. टाकी रिकामी करून घेणे खर्चाचे असते, पण ते इंधन पंपापर्यंत पोहोचल्यावर होणारा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

कातळवाट :
गियरबदल यांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. माझा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे : प्रत्येक दिवसाची पायवाट अशी निवडावी की संध्याकाळी गाडी चालली नाही तरी आईवडील उजेडात, छपराखाली आणि माणसांत असतील. डोंगरात गाडीचा बिघाड स्वतःहून क्वचितच जीवघेणा ठरतो. तो गंभीर होतो तो अंधार, थंडी आणि घाई यांची त्यात भर पडल्यावर. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे सव्वासातच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि दोन हजार मीटरच्या वर रात्री पारा गोठणबिंदूजवळ जाऊ शकतो, म्हणून वाहनतळावर दुपारी चारपर्यंत परतणे हा नियमच ठेवावा. दुपारनंतरच्या वादळी पावसापासूनही त्यामुळे बऱ्याच अंशी बचाव होतो.

त्रे चिमे दी लाव्हारेदोच्या तीन सुळक्यांभोवतीची सुमारे दहा किलोमीटरची फेरी तुमच्या आईवडिलांना नक्की जमेल. आउरोन्झो आश्रयगृहापासून (डोंगरातली खाण्या-राहण्याची जागा, २३२० मीटर) १०१ क्रमांकाच्या रुंद वाटेने लाव्हारेदो खिंडीवर (२४५४ मीटर) जावे, पुढे लोकातेल्ली आश्रयगृहाच्या अंगणातून सुळक्यांच्या उत्तर भिंती पाहाव्यात आणि १०५ क्रमांकाच्या वाटेने परतावे. मिझुरिनाहून वर जाणाऱ्या रस्त्याला टोल आहे आणि आता गाडीसाठी आगाऊ नोंदणीही करावी लागते, परंतु हंगामात दोब्बियाकोहून थेट आश्रयगृहापर्यंत बस जाते. मी तुमच्या जागी असतो तर त्या दिवशी गाडी गावातच ठेवली असती. तिचा प्रश्नच मग उरत नाही, आणि चालून दमलेल्या माणसाला केसपिनी वळणे उतरावी लागत नाहीत.

ग्रोसग्लॉकनरच्या दिवशी मोठी चाल ठेवू नये. कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहे येथून (२३६९ मीटर) पास्टेर्झे ही ऑस्ट्रियातील सर्वांत मोठी हिमनदी आणि तिच्यामागचे ३७९८ मीटर उंचीचे शिखर दिसते, तिथे तास-दोन तास रमावे. हा रस्ता रात्री बंद असतो, त्यामुळे बंद होण्याची वेळ सकाळीच फलकावर पाहून घ्यावी.

मदतीसाठी युरोपात सर्वत्र ११२ हा क्रमांक चालतो. ऑस्ट्रियात पर्वतबचावासाठी १४० हा वेगळा क्रमांक आहे. फोनला संपर्क नसेल तर आल्प्समधला जुना संकेत ध्यानात ठेवावा : शिटी, विजेरी किंवा हाक यांनी मिनिटात सहा वेळा खूण करायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तेच. उत्तर म्हणून मिनिटात तीन खुणा येतात. हेलिकॉप्टर दिसल्यास दोन्ही हात वर उभारले म्हणजे मदत हवी, आणि एक हात वर, एक खाली म्हणजे नको. वाटेवर इतरांना पाहून उगाच दोन्ही हात हलवू नयेत, हे आईवडिलांनाही सांगून ठेवा.

दूरवाट :
दोघांचेही मनापासून आभार. बसचा पर्याय माझ्या डोक्यातच आला नव्हता. आईला तो ऐकताक्षणी आवडला आहे. आणखी दोन शंका आहेत. कंपनी आम्हाला स्वयंचलित गियरची हायब्रिड गाडी देणार आहे, तिच्यात दुसरा गियर कसा धरायचा? आणि विम्याच्या कागदावर ‘संपूर्ण संरक्षण’ असे लिहिलेले असताना काळजीचे कारण उरते का?

सांजवारा :
विम्याबद्दल मी लिहिते, कारण तो प्रसंग आमच्यावर आलेला आहे. पायवाटेच्या सुरुवातीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, त्याला वाट देताना डांबराच्या धारदार कडेवर आमचा टायर बाजूने फाटला. गाडीत स्टेपनी नव्हती. नव्या गाड्यांत पुष्कळदा पंप आणि छिद्र बुजवणारा चिकट द्रव एवढेच असते, आणि बाजूने फाटलेल्या टायरवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ओढून नेणारी गाडी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने सर्व गॅरेज बंद होती, आणि टायर, काच व गाडीचा तळ हे भाग त्या ‘संपूर्ण’ संरक्षणातून वगळलेले आहेत, हे आम्हाला कागद पुन्हा वाचल्यावर कळले.

तेव्हा हे चार शब्द करारात शोधाच : टायर, काच, तळ, ओढून नेण्याचा खर्च. गाडी जर्मनीबाहेर ऑस्ट्रिया, इटली आणि स्टेल्व्हिओच्या शेजारच्या उम्ब्राइल खिंडीतून उतरणार असाल तर स्वित्झर्लंड या तिन्ही देशांत नेण्याची लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर विमा लागू न होण्याची शक्यता असते. बिघाड झाल्यावर आधी करारावरील सहाय्य क्रमांकालाच फोन करावा, कारण स्वतः बोलावलेल्या मदतीचा खर्च कंपन्या बहुधा परत देत नाहीत. हा क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाठपिशवीत ठेवावा, केवळ गाडीच्या कप्प्यात नव्हे. आंतरराष्ट्रीय चालक परवानाही मूळ परवान्यासोबत जवळ हवा.

गाडी रस्त्यावर बंद पडली तर उतरण्यापूर्वी चमकदार जाकीट अंगात चढवावे. इटली आणि ऑस्ट्रियात ते कायद्याने बंधनकारक आहे. जाकिटे सामानाखाली नसावीत, चालकाच्या हाताशी असावीत, आणि चौघांसाठी चार असावीत. धोक्याचा त्रिकोण घाटात वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे मागून येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच तो दिसेल. आईवडिलांना गाडीत बसवून ठेवू नये, कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे. ऑस्ट्रियातील महामार्गांसाठी टोलचे स्टिकर किंवा त्याची डिजिटल नोंदणी लागते. म्युनिकच्या गाडीवर ती असेलच असे नाही, म्हणून सीमेपूर्वीच विचारून घ्यावे.

गियरबदल :
स्वयंचलित गाडीत गियरच्या दांड्यावर ‘एम’, ‘एल’ किंवा ‘बी’ यांपैकी एखादे अक्षर असते, किंवा स्टिअरिंगमागे वजा चिन्हाची पट्टी असते; उतारावर गाडी गियरने रोखायची ती यांनीच. गाडी ताब्यात घेतानाच हे विचारून वाहनतळावर एकदा करून पाहावे. हायब्रिडमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी. उतारावर सुरुवातीला गाडी बॅटरी भरत स्वतःला रोखते आणि सारे शांत असते. लहान बॅटरी मात्र थोड्याच किलोमीटरांत भरते, मग इंजिन अडवणुकीचे काम हाती घेते आणि त्याचा आवाज एकदम चढतो. तो बिघाड नव्हे. त्या क्षणी ‘डी’वर, म्हणजे नेहमीच्या गियरवर, परत जाऊ नये, तर ‘बी’वरच राहावे.

स्टेल्व्हिओविषयी शेवटचे. पायथ्याच्या प्राड गावाच्या बाजूला ४८ वळणे आहेत, प्रत्येकाला क्रमांकाचा फलक आहे आणि खिंड २७५७ मीटरवर आहे. ती बाजू चढून जावी, उतरण्यासाठी निवडू नये. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारनंतर मोटरसायकली आणि सायकलस्वारांची गर्दी होते आणि अरुंद वळणावर बस समोर आली तर मागे सरकावे लागते. आदल्या रात्री वर बर्फ पडला असेल तर उन्हाळी टायरच्या गाडीने खिंडीचा नाद सोडावा आणि दरीतून रेशेन खिंडीमार्गे (सुमारे १५०० मीटर) इन्सब्रुकला जावे. त्या वाटेवर रेशेन तलावाच्या पाण्यातून वर आलेला, १९५० मध्ये बुडालेल्या ग्राउन गावाच्या चर्चचा मनोरा पाहायला मिळेल.