मदत हवी आहे: नव्या फिश टँकमध्ये अमोनिया उतरत नाही

टिळकवाडीत 60 लिटरचा टँक लावून 12 दिवस झाले. स्पंज फिल्टर चोवीस तास चालू. 5 मॉली (मासे) सोडल्या, 2 दगावल्या. उरलेल्या वर येऊन तोंड मारतायत. अमोनिया 1 पीपीएम, नायट्राइट 0, पीएच 8. म्हणजे अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू अजून बसलेच नाहीत, आणि एवढ्या पीएचला अमोनिया जास्तच विषारी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाने मारून रोज 30 टक्के पाणी बदलतोय, खाणं दिवसाआड चिमूटभर. पावसामुळे पाणी 22 अंशांवर, हीटर नाही. दुकानदार मासे परत घेत नाही.

खानापूरला ओळखीच्यांचा वर्षभर चाललेला टँक आहे, त्यातला स्पंज मिळेल. त्याच पाण्यात बुडवून तासाभरात बसने आणला तर जिवाणू टिकतील ना? आणि तो बसवल्यावर रोजचं पाणी बदलणं चालू ठेवू की कमी करू?