गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर पावसाळ्यात चुकीची पातळी दाखवतो

दादरकर:
आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी पहाटे तळटाकीत येते व मोटरने गच्चीवर चढवावे लागते. वॉचमनचा डोळा लागला की टाकी वाहते, म्हणून मी ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), एचसी-एसआर०४ सेन्सर (टाकीच्या वरून ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा) आणि रिले (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच) वापरून टाकी भरताच मोटर बंद करणारी यंत्रणा बसवली. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र टाकी अर्धी रिकामी असताना सेन्सर पाणी आपल्यापासून ४ सेंटिमीटरवर, म्हणजे टाकी भरलेली असल्याचे सांगतो. शिवाय परवा वीज जाऊन आली तेव्हा मोटर आपोआप सुरू होऊन मिनिट-दोन मिनिटे चालली. चूक कुठे असावी?

मुलुंडकर:
सेन्सरच्या दोन्ही डोळ्यांवर (ध्वनी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या गोल जाळ्यांवर) बोट फिरवून पाहा, ओले लागेल. बंद टाकीतले बाष्प जाळीवर साचते आणि हा सेन्सर अशा जागेसाठी नाहीच. जेएसएन-एसआर०४टी घ्यावा, त्याचे जलरोधक टोक वायरीने बोर्डापासून लांब ठेवता येते. मात्र सुमारे २५ सेंटिमीटरच्या आतले त्याला नीट मोजता येत नाही, त्यामुळे टाकी भरल्यावरही तेवढे अंतर उरेल इतक्या उंचीवर तो बसवावा, नाहीतर ऐन भरतीच्या वेळी तो फसवेल. पाच वाचनांतले मधले घ्यावे. सेन्सरची एको पिन (परतलेल्या ध्वनीचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टच चालतात, म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचे रोधक लावावेत.

गिरगावकर:
मोटरचे कारण कोडमध्ये शोधा. बरीच स्वस्त रिले मॉड्यूल सिग्नल लो (शून्य व्होल्ट) होताच चालू होतात आणि पिन आउटपुट म्हणून घोषित केली की ती लोच असते. रिले बंद करण्याची ओळ वायफाय जोडणीच्या खाली असेल, तर राउटर सुरू होईपर्यंत मोटर चालत राहणार. दुसरे असे की, सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. १० अँपिअरच्या रिलेचे संपर्क त्यात चिकटू शकतात. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा मोठा प्रवाह पेलणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी आणि त्या कॉइलच्या वाटेत टाकीतला साधा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर येऊन जोडणी तोडणारा) घालावा, म्हणजे कोड अडकला तरी मोटर थांबेल. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

दादरकर:
ती ओळ खरोखरच वायफायच्या खाली होती. वर घेतल्यावर मेन स्विच चार वेळा बंद-चालू करून पाहिला, मोटर हलली नाही. शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून नवा सेन्सर आणतो. कॉन्टॅक्टर व फ्लोट बसेपर्यंत वॉचमनने पूर्वीप्रमाणे स्वतःच मोटर बंद करावी, असे सेक्रेटरींनी बजावले आहे.