घराभोवतीची शोभेची झाडं त्रास देऊन राहिली, कोणती ठेवू कोणती काढू?

दारव्ह्याची सून:
नमस्कार मंडळी. आमचं घर दारव्हा तालुक्यात, गावाच्या कडेला आहे. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा समोर गुलमोहर लावला, झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी सप्तपर्णी अन् कंपाउंडच्या कडेनं ते उंच सरळ वाढणारे अशोक. आता गुलमोहराची एक मोठी फांदी पार टिनावर आलीये, वावधान सुटलं की लेकरांना अन् सासूबाईंना मागच्या खोलीत न्यावं लागतं. सप्तपर्णी दिवाळीच्या आसपास फुलते अन् वास इतका उग्र की सासूबाईंचा दमा उठतो, तेव्हा खिडकी बंदच. त्यात दिरांनी नर्सरीतून कोनोकार्पस आणून न्हाणीमागे ओळीनं लावले, लवकर हिरवं होते म्हणून, आता न्हाणीचं पाणी तुंबतंय, पाइप उघडला तर आत नुसता मुळांचा गुच्छा. आणि समोरच्या भिंतीला उन्हाळ्यात तिरपी भेग पडते ती पावसाळ्यात बारीक होते.

मिस्टर म्हणतात सगळं साफ करून टाकू. सासूबाई म्हणतात गुलमोहराला हात लावायचा नाही, तो यांच्या हातचा आहे. मलाही तो तोडवत नाही, मे महिन्यात आंगणात सावली असते ती त्याचीच. काय करावं? परवानगी लागते का?

काळीमाती:
वहिनी, मी बांधकामातला माणूस हाय, भिंतीचं सांगतो. भेग उन्हाळ्यात वाढते अन् पावसात मिटते म्हणजे आपल्या काळ्या मातीचा खेळ हाय तो. ही माती पाणी पिऊन फुगते अन् वाळली की आकसते, वावरात चैत्र-वैशाखात केवढ्या भेगा पडते ते तुमाले माहीतच असन. त्यात भिंतीजवळ मोठं झाड असलं की ते पायव्याखालचं पाणी ओढून घेते अन् तिथली माती बाकीच्यापेक्षा जास्त वाळते, घराचा तेवढाच कोपरा खाली बसते. पण म्हणून झाड एका झटक्यात बुडापासून तोडाल तर उलटं होते, माती पुन्हा पाणी धरून फुगते अन् भिंत, फरशी वर उचलते. घाई नका करू. आधी पन्हाळीचं पाणी पायव्यापाशी पडून राहिलं का ते पाहा, भिंतीला लागून चारही बाजूनं बाहेर उताराची फरशी करून घ्या. अन् कोणी म्हणन की गुलमोहर अन् भिंतीच्या मधात नाली खोदून मुळं तोडा, तर बुडाजवळ ते बिलकुल करू नका, त्याची मुळं वरवरच पसरते, त्या बाजूची तोडली तर पहिल्या वादळात झाड आडवं.

न्हाणीचं म्हणाल तर मूळ चांगला पाइप फोडत नाही, जोडातून पाणी झिरपते तिथूनच घुसते. जुने सिमेंटचे पाइप असतील तर काढून पीव्हीसी टाका, जोड नीट चिकटवून.

रोपवाटिकावाली मोर्शी:
ताई, कोनोकार्पसबद्दल काहीच विचार करू नका, काढा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगीच नाही. तुमचे अजून लहान असतील, आताच बुडासकट खणून काढा, नुसते कापले तर फुटून येतात आणि आधीपेक्षा दाट होतात.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, फांदी कधी तुटेल सांगता येत नाही. पण म्हणून तो आख्खा पाडायलाच पाहिजे असं नाही. बुडाशी कडक तपकिरी भूछत्र उगवलंय का पाहा, कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. तसं असेल तर मात्र मन घट्ट करावं लागेल, कारण टिनाखाली लेकरं झोपतात. खोड चांगलं असेल तर पानं गळतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, टिनावरची फांदी उतरवून घ्या. आधी खालून खाच, मग वरून काप, नाहीतर साल सोलत खाली येते. शेंडा छाटू नका हो, लोक सर्रास छाटतात आणि तिथून फुटणाऱ्या फांद्या जास्त कच्च्या असतात. आणि जवळून लाइन जात असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका.

सप्तपर्णी काढा असंच म्हणेन, दम्याच्या माणसाच्या खिडकीशी ते झाड नको.

जुना वाडा:
सप्तपर्णीबद्दल मला पटलं नाही. झाड आपल्याच देशातलं आहे, बारा महिने हिरवं असतं. फुलं फांद्यांच्या शेंड्यावर येतात, तर पावसाळा सरता सरता खिडकीकडचे शेंडे खुडून टाकले तर त्या बाजूला फुलोराच कमी येतो. यंदा करून पाहा, फरक नाही पडला तर मग तोडा.

परवानगीचं सांगतो, १९६४ च्या झाडतोड कायद्याची जी यादी आहे त्यात साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत, गुलमोहर त्यात नाही. तरी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घ्या. घर नगर परिषदेच्या हद्दीत असतं तर १९७५ चा वृक्ष कायदा लागला असता, तो वेगळा. अशोकाचं कोणीच काही बोललं नाही, ते राहू द्या, फार तर फळं आली की वटवाघळं बिया टाकतात, झाडून काढायच्या.

दारव्ह्याची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, फांदी उतरवायला तयार झाल्या, पण म्हणाल्या कुऱ्हाड लावण्याआधी झाडाला हळदीकुंकू वाहू द्या. सप्तपर्णीचे शेंडे यंदा खुडून पाहतो. दीर उद्याच कोनोकार्पस खणणार आहेत. त्या जागी न्हाणीमागे काय लावू? पडदा पाहिजे.

रोपवाटिकावाली मोर्शी:
न्हाणीच्या अगदी मागे कढीपत्ता आणि सीताफळ लावा, फार मोठी होत नाहीत. बहावा लावायचा असेल तर घरापासून चांगला लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात. पाऊस लागला की लावा, खड्डे मात्र उन्हाळ्यातच करून ठेवा, तापू द्या.