इम्प्युनिटीला मराठीत काय म्हणावं?

नर्मदाकाठ: इम्प्युनिटी म्हणजे गुन्हा करूनही शिक्षा न होणं. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या एका विद्यापीठाने २०१५ साली ग्लोबल इम्प्युनिटी इंडेक्स काढला, त्यावर लेख करतेय. लोकसंख्येमागे न्यायाधीश किती, पोलीस किती, तुरुंगात कच्चे कैदी किती, अशा आकड्यांवरून गुन्हा पचवणं कुठे किती सोपं आहे ते ठरवतात. मी 'दंडमुक्ती निर्देशांक' लिहिलं. आईने विचारलं, "घरपट्टीचा दंड माफ झाला का गं?" शिवाय कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती ऐकलेल्या कानाला मुक्ती चांगलीच वाटते. २०१७च्या यादीत भारत दुसरा होता. वाईटात दुसरा!

जुनेपान: दंड पावतीपुरता उरला ही आपली चूक. धर्मशास्त्रात दंड म्हणजे शिक्षाच. 'अदंड्यता' वापरा. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

सह्यकडा: अहो, अदंड्य म्हणजे ज्याला शिक्षा करू नये तो. इथे करायला हवी तीच होत नाही. वाचकाला दोनदा अडखळवून काय साधणार? 'सात खून माफ' म्हणा, शेंबडं पोरही समजेल.

नर्मदाकाठ: माफ म्हटलं की माफ करणारा आला. फिलिपीन्समध्ये मागिंदानावला २३ नोव्हेंबर २००९ रोजी ५८ माणसं मारली, त्यांत ३२ पत्रकार. मुख्य निकाल डिसेंबर २०१९चा. त्या दहा वर्षांत घरच्यांनी कुणाला माफ केलं होतं? शिक्षा करणाऱ्याचं अपयश शब्दात दिसायला हवं.

कोर्टकारकून: शासकीय मराठीत 'शास्ती' आहे. पण पिंपरी-चिंचवडकरांना शास्तीकर आठवेल, म्हणजे पुन्हा घरपट्टीच. आणि पुढची अडचण बघा. न्यूयॉर्कची पत्रकार संरक्षण समिती २००८पासून वेगळा निर्देशांक काढते. पत्रकारांचे जे खून झाले आणि एकालाही शिक्षा नाही, ते दहा वर्षांचे मोजून लोकसंख्येशी ताडतात. काहींना शिक्षा झाली, काही सुटले, तर ती 'पार्शल' इम्प्युनिटी. 'अंशतः दंडमुक्ती' मोठ्याने वाचून बघा.

जुनेपान: हिंदीत दंडमुक्ति चालतं, कुणी कुरकुरत नाही.

सह्यकडा: हिंदीत दंड म्हणजे अजून शिक्षा. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदार घेतो तो.

भाताचंखाचर: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. सोकावणं! आमच्याकडे वासरू एकदा दुसऱ्याच्या खाचरात शिरलं आणि कुणी हाकललं नाही, की म्हणतात सोकावलं.

नर्मदाकाठ: सुंदर. पण सोकावतो तो गुन्हेगार, आणि निर्देशांक मोजतो व्यवस्था. 'सोकाव निर्देशांक' छापायला संपादक तयार होतील का?

जुनेपान: सोकावणं अरबी-फारसी 'शौक'वरून आलं असणार. म्हणजे तुमचा अस्सल मराठी शब्दही परकाच.

भाताचंखाचर: वासराला कसला शौक हो? आमची आजी 'सोकलं' म्हणायची, 'व' नव्हताच.

सह्यकडा: घाटावर 'चटावलं' म्हणतात. त्यात चटक आहे.

जुनेपान: चटावणं वेगळं, ते जिभेचं. सोकावण्याला जीभ लागत नाही.