मदत हवी आहे: मराया कॅरीच्या ख्रिसमस गाण्याची पट्टी उतरवायची आहे

वांद्र्याच्या हौशी गायनवृंदासाठी तिच्या ‘मेरी ख्रिसमस’ (१९९४) या अल्बममधली दोन गाणी बसवायची आहेत. ‘सायलेंट नाइट’ची चिंता नाही, १८१८ची चाल, कुठल्याही पट्टीत गा. घोडं अडलंय ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’पाशी. मूळ पट्टी पांढरी पाच, म्हणजे जी मेजर. तीन सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरवून पांढरी तीन केली की वरचे सूर बायकांना झेपतात, पण सुरुवातीची संथ ओळ फार खर्जात जाते. शिवाय तयार कराओके ट्रॅक सॉफ्टवेअरने उतरवला की घुंगरू आणि स्नेअर ड्रम फिसकटतात. ढोबळ वाजतं सगळं.

मिडी फाइलवरून (जिच्यात आवाज नसून सुरांच्या सूचना असतात) ट्रॅक नव्याने बांधून देणारं कुणी दादर-माहीमकडे आहे का? की दोनच सेमीटोन उतरवून वरचे सूर दोघीतिघींत वाटावेत? आणि हॉलमध्ये तिकीट लावलं तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं मानधन गोळा करणारी संस्था) परवाना कोणी काढायचा, आयोजकाने की हॉलवाल्याने?