कांद्याच्या रिंग्ज : आवरण सुटतं आणि लगेच मऊ पडतात, काय करू?

पालवी_ठाणे
नमस्कार मंडळी, रविवारी लेकाचे मित्र घरी येतायत आणि फर्माईश आलीय ओनियन रिंग्जची. भजी करते म्हटलं तर नको, रिंग्जच हव्यात, कॅफेत मिळतात तशा. मी करते ते असं : एक वाटी मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ, तिखट आणि साधं पाणी. कांद्याच्या चकत्या करायच्या, रिंगा सोडवायच्या, पिठात बुडवून तळायच्या. कढईतून काढताना एकदम मस्त दिसतात पण टेबलावर जाईपर्यंत मऊ, आणि दुसरं म्हणजे घास घेतला की आतला कांदा सर्रकन् निघून येतो आणि हातात नुसती पिठाची बांगडी राहते! हे कशामुळे होतं? चकती किती जाड हवी, तेल किती तापवायचं? आमच्याकडे अंडं चालत नाही, तेव्हा बिनअंड्याचंच सांगा प्लीज. एअर फ्रायरही आहे घरी, त्यात होतील का तेही सांगा.

तळणवाली
पालवी, कांदा निसटतो त्याचं कारण पीठ नाही गं, कांद्याचा आतला पापुद्रा. प्रत्येक रिंगेच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक, ओलसर पापुद्रा असतो बघ. कांदा शिजून मऊ होतो पण हा चिवटच राहतो, दाताने तुटत नाही आणि अख्खी रिंग ओढून बाहेर आणतो. तो काढायचा. चकत्या अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाड कर, त्याहून पातळ केल्या तर आत कांदा जाणवतच नाही, आणि रिंगा सोडवून बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेव. मग रिंग हातात धरून आतल्या कडेला नखाने जरा खरवडलं की पापुद्र्याचं टोक सुटतं, ते धरून गोल ओढत गेलं की सगळा निघून येतो. वेळखाऊ काम आहे, मुलांना बसव मदतीला, पण खरा फरक इथेच पडतो. दोन रिंगा एकात एक ठेवून जाड रिंग करतात काहीजण, तसं असेल तर बाहेरचीचा पापुद्रा काढलाच पाहिजे नाहीतर दोन्ही सुट्या होतात.

दुसरं, रिंगा पाण्यातून काढल्या की पंच्यावर पसरून अगदी कोरड्या पुसायच्या, मग नुसत्या कोरड्या मैद्यात घोळवायच्या, झटकायच्या आणि मगच पिठात. ओल्या कांद्याला पीठ धरतच नाही, वरची ओल हा कोरडा मैदा शोषून घेतो आणि पीठ त्याला चिकटतं. मीठ कांद्याला चुकूनही लावू नकोस, पाणी सुटेल. मीठ पिठात थोडं आणि बाकीचं तळून काढल्या काढल्या वरून.

निफाडचा_शेतकरी
कांदा कोणता घेताय त्यावरपण बरंच आहे ताई. आत्ता पावसाळ्यात बाजारात येतो तो चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) साठवलेला उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलात काढलेला. तो चांगला सुकलेला असतो, पाणी कमी, घट्ट, त्याच्या रिंगा मोडत नाहीत. दिवाळीच्या पुढेमागे नवीन लाल कांदा येतो ना, तो ओला आणि पाणीदार, तो घेतला तर पुसायला जास्त लागतं आणि आवरण आतून लवकर भिजतं. आता चाळीतला कांदा घेताना मानेपाशी दाबून बघा, मऊ लागला तर आत कोंब धरलाय समजा, नका घेऊ. गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, तर अजिबात नको, मोठा आणि गोल माल निवडून घ्या. आणि जोड कांदा टाळा, वरून बघितलं की कळतं, एका बाजूने फुगीर किंवा मधे खाच असते. कापल्यावर आत दोन गाभे निघतात आणि पूर्ण रिंग एकपण मिळत नाही. अलिबागचा पांढरा कांदा गोड असतो, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मुलांना तिखटपणा नकोच असेल तरच तो, नाहीतर आपला उन्हाळ कांदा तळून गोड होतोच.

डॅलसची_माई
मी बरीच वर्षं टेक्सासला आहे, इकडे रिंग्जसाठी गोड कांदे वापरतात, टेक्सासचा १०१५ नावाचा मोठा कांदा असतो, १५ ऑक्टोबरला पेरायचा आणि इकडे तारखेत महिना आधी लिहितात म्हणून ते नाव. आणि इकडे रिंगा बर्फाच्या पाण्याऐवजी बटरमिल्कमध्ये भिजवतात, अंड्याची गरजच पडत नाही. फक्त ते आपल्या ताकासारखं पातळ नसतं, तेव्हा तिकडे करताना घट्ट दही थोडंसंच पाणी घालून घुसळ आणि त्यात रिंगा ठेव, उग्र वास कमी होतो आणि आंबटसर चव येते. मग निथळून सरळ कोरड्या मैदा-कॉर्नफ्लोअरमध्ये दाबून घोळवायच्या, पुन्हा दह्यात, पुन्हा मैद्यात. ह्याला वेगळं पातळ पीठ लागत नाही. आवरण जाड, खडबडीत होतं. माझ्या नातवंडांना हेच आवडतं. तळणवालीने सांगितलेला पापुद्रा मात्र ह्यातही काढायचाच.

खेकडाभजी_फॅन
पीठ मी सांगतो कारण सोड्याबद्दल माझं ठाम मत आहे. खाण्याचा सोडा बंद करा. जरा जास्त झाला की आवरण जाळीदार होऊन तेल पितं. अर्धी वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, तिखट, मिरपूड, आणि भिजवायला बाटलीतला साधा सोडा, तोसुद्धा फ्रीजमधला एकदम गार. सोडा तळायच्या आधी पाच मिनिटं ओतायचा, त्यातला गॅस निघून गेला तर घालून उपयोग नाही. नुसत्या मैद्याचं आवरण चिवट होतं, तांदळाच्या पिठात ती चिकट प्रथिनं नसतात म्हणून ते कडक आणि कुरकुरीत राहतं. फेटत बसू नका, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. चमचा बुडवून काढला, मागच्या बाजूवर बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली की पीठ बरोबर जमलं.

बेसनाच्या फंदात पडू नका, बेसन म्हटलं की ती खेकडा भजी, आणि तिथे उलट कांद्याला मीठ चोळून सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवायचं असतं. मला स्वतःला सिंहगडावरच्या भज्यांपुढे रिंग्ज काहीच वाटत नाहीत, पण पोरांना हव्यात तर नीट करून घालाव्यात.

पालवी_ठाणे
पापुद्र्याचं खरंच माहीत नव्हतं, थँक्यू सगळ्यांना! पण मग हॉटेलच्या रिंग्जमधून कांदा कधीच निघत नाही तो कसा? ते लोक एवढं सोलत बसतात? आणि तेलाचं राहिलंच, शिवाय आठ-दहा मुलं आहेत, सगळ्यांना गरम कसं देऊ?

केटरिंगवाले_काका
बाळ, फ्रोझन पाकिटातल्या बऱ्याच रिंग्जमध्ये अख्खा कांदा नसतोच, बारीक चिरलेला कांदा एकत्र बांधून साच्यातून गोल काढतात, म्हणून तो ओढला जात नाही. चावल्यावर आत कांद्याचे थर दिसले नाहीत तर समजायचं.

तेल १७५ ते १८० डिग्री. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो किंचित बुडून लगेच बुडबुड्यांसकट वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर गार आहे, पडताक्षणी लाल झाला तर जास्त तापलंय. कढईत एकावेळी चार-पाचच रिंगा, गर्दी केली की तेल गार पडतं आणि माल तेलकट होतो. गॅस मोठाच ठेवा. आवाज ऐका, सुरुवातीला जोरात चरचर असते, पाणी उडत जाईल तसा आवाज बसतो आणि बुडबुडे बारीक होतात, तेव्हा काढा.

काढल्यावर पेपरवर ढीग करू नका, खालून वाफ धरते आणि तिथूनच मऊ पडायला लागतात. केकची जाळी नाहीतर स्टीलची मोठी चाळणी ताटावर उलटी घाला आणि त्यावर एकेक सुटी ठेवा. झाकण अजिबात नाही.

मुलं जास्त असली तर आम्ही दोनदा तळतो. आधी १६५-१७० ला फिकट रंगावर तळून जाळीवर काढायच्या, हे तासभर आधी करून ठेवता येतं. मुलं ताटावर बसली की तेल १९० ला नेऊन अर्धा-पाऊण मिनिट पुन्हा सोडायच्या, आत मुरलेली ओल निघून जाते आणि सगळ्यांना एकदम गरम मिळतात. सॉस वाटीत वेगळा द्या, वर ओतू नका.

तळणवाली
एअर फ्रायरचं सांगायचं राहिलं. पातळ पीठ त्यात चालत नाही, घट्ट व्हायच्या आधीच गळून जाळीला चिकटतं. करायच्याच असतील तर पिठानंतर ब्रेडक्रम्समध्ये घोळव, क्रम्स आधी चमचाभर तेल टाकून तव्यावर गुलाबी परतून घे म्हणजे रंग येतो. २०० डिग्रीला दहा मिनिटं, मधे एकदा उलटायच्या. कढईतल्यासारख्या होणार नाहीत हे आधीच सांगते, पार्टीला कढईच काढ. आणि मधल्या बारीक रिंगा नि गाभे टाकू नकोस, उरलेल्या पिठात हिरवी मिरची चिरून घाल आणि त्यांचाच शेवटचा घाणा काढ.